डाव्या हाताची चटणी

पन्नाशीला दोन वर्षं कमी असताना मी समुद्रात पाच किलोमीटर पोहायचं ठरवलं. पहिल्या खेपेला जमलं नाही. दुसऱ्या खेपेला जमलं. मधल्या वर्षात काय झालं ते लिहिते आहे, कारण बायका मला विचारतात, "तुम्ही वेळ कसा काढता हो?" वेळ कपाटातून काढता येत नाही. तो कुणाच्या तरी वेळेतून काढावा लागतो. कुणाच्या, ते आधी घरात बसून ठरवलं की निम्मं काम होतं. उरलेलं निम्मं पाण्यात.

आमचं शाहूपुरीत चटणीचं कांडप आहे. एका लांबट खोलीत दोन डंक. प्रत्येक डंकात लोखंडी उखळांची रांग आणि त्यांत मोटरीवर वर जाऊन खाली आपटणारी लोखंडी मुसळं. फेब्रुवारीत नवी मिरची आली की मे संपेपर्यंत गल्लीत आमच्या डंकांचाच आवाज असतो. बायका मिरची आणि मसाल्याचे डबे घेऊन येतात, नंबर लावतात, आणि नंबर आला की डंकाशेजारी स्टूल ओढून बसतात. आपलीच मिरची आपल्याच डब्यात परत गेली पाहिजे, यावर त्यांचा कडक पहारा असतो. देठं खुडायचं, गच्चीवर वाळवायचं आणि भाजायचं कामही आम्ही घेतो. मी आणि माझी थोरली जाऊ, दोघी मिळून हे सगळं चालवतो. माझा नवरा फौंड्रीत आहे, दीर बाहेरगावी नोकरीला.

सकाळी सात ते नऊ जैन घरांचे नंबर. त्यांच्या चटणीत कांदा-लसूण नसतो, आणि डंकात एकदा लसूण पडला की कितीही पुसा, वास राहतो. म्हणून स्वच्छ डंक आधी त्यांना, मग बाकीच्या गावाला. ही पद्धत सासऱ्यांनी घालून दिली आणि ती आम्ही मोडलेली नाही. सातचे सव्वासात झाले की सगळा दिवस सरकतो. दुपारी उन्हात उभ्या राहिलेल्या बायका मग सासऱ्यांचाही उद्धार करतात, आणि ते वारून बारा वर्षं झाली आहेत.

पोहायला मी माहेरी शिकले, पेठ वडगावजवळच्या आमच्या मळ्यातल्या विहिरीत. पाठीला वाळका भोपळा बांधून वडिलांनी मला पाण्यात सोडलं आणि ते वर बसून तंबाखू मळत राहिले. लग्नानंतर वीस वर्षं पोहण्याचा विषय नव्हता. मग मुलाला पोहायला शिकवायला टँकवर न्यायला लागले. महिनाभर काठावरच्या बाकावर बसले. दुसऱ्या महिन्यात मला कळलं की मी त्याच्याकडे बघत नाही, पाण्याकडे बघते. तिसऱ्या महिन्यात पोहण्याचा ड्रेस शिवून घेतला. मुलगा पुढे पुण्याला शिकायला गेला, त्याचं पोहणं सुटलं. माझं नाही सुटलं.

आमच्या कोल्हापुरात नाद या शब्दाला मान आहे. कुणाला कबुतरांचा नाद, कुणाला बैलांचा, कुणाला फुटबॉलचा. असा नाद असलेला पुरुष घरी जेवायला दुपारी चारला आला तरी त्याचं ताट झाकून ठेवलेलं असतं आणि वर लोक कौतुकाने म्हणतात, नाद हाय त्याला. बाईला नाद असला की तिला विचारतात, घरात कोण कोण असतं? मी या प्रश्नावर चिडत नाही. प्रश्न बरोबर आहे, तो फक्त सगळ्यांना विचारायला हवा.

कोकणात समुद्रातली पोहण्याची शर्यत असते आणि तिच्यात पंचेचाळीसच्या वरच्या बायकांचा वेगळा गट असतो, हे मला टँकवरच्या कोचने सांगितलं. पाच किलोमीटर, अडीच तासांच्या आत. त्या संध्याकाळी मी नवऱ्याला आणि जावेला स्वयंपाकघरात बसवलं आणि सरळ सांगितलं: मला रोज सकाळी सहा ते सात पाणी पाहिजे. घरी यायला साडेसात होणार. म्हणजे सातला शटर दुसऱ्या कुणी तरी उघडायचं.

नवऱ्याची पहिली पाळी सातचीच. तो भाकरी मोडत म्हणाला, "मला काय विचारू नकोस, मी तवर गेलेला असतो."

जाऊ म्हणाली, "मी उघडतो की." आमच्याकडे बायकाही येतो-जातोच म्हणतात. "पन किती दिवस?"

"शर्यत होईस्तोवर."

"आनि न्हाय जमलं तर?"

"अजून एक वर्ष."

"दोन खेपा. त्यात वेळेत पोचलीस तर पोहत बस. न्हाय पोचलीस तर टँकचा पास परत द्यायचा. परत नाव काढायचं न्हाय."

"चालंल."

असा करार झाला. मला तो आवडला. ज्याला शेवट नाही अशा गोष्टीला घरातलं कुणी मनापासून मदत करत नाही, आणि का करावी?

पहिल्या हंगामात मी एक चूक केली, जी दुसऱ्या कुठल्या गावच्या पोहणाऱ्याने केली नसती. गॉगल धुऊन वाळायला कांडपातल्या खिळ्यावर अडकवला. दिवसभर दोन्ही डंक चालू होते. सकाळी तोच गॉगल चढवला आणि पाण्यात सूर मारला. पहिले चार हात बरे गेले. पाचव्याला मी पाण्यात उभी राहून गॉगल ओरबाडून काढला आणि ज्या शिव्या घातल्या त्या टँकवरच्या बायकांनी माझ्याकडून पूर्वी ऐकल्या नव्हत्या.

कोच काठावरून धावत आला. "ताई, क्लोरीन जास्त झालं काय?"

"क्लोरीन न्हाय, संकेश्वरी मिरची झाली!"

शेजारच्या लेनमधली बाई लगेच बाहेर पडून बसली. आठवडाभर माझ्या लेनमध्ये कुणी येत नव्हतं, त्यामुळे सराव मात्र चांगला झाला. तेव्हापासून गॉगल तुपाच्या रिकाम्या बरणीत, झाकण लावून.

डिसेंबरात शर्यत. किनारा उजव्या हाताला ठेवून उत्तरेकडे पोहायचं, पाण्यात ओळीने तरंगते नारिंगी बोये सोडलेले, ते धरून जायचं. टँकमध्ये मी पाच किलोमीटर दोन तास वीस मिनिटांत करत होते. हिशोबाने दहा मिनिटं हातात होती. मी पाण्यात शिरले, तालात आले, आणि मला वाटलं, हे तर सोपं आहे. तेवढ्यात कानाशी होडीचं इंजिन आणि एक कोकणी आवाज.

"ओ काकी! खंय चललात? अरबस्तानाक?"

मी डोकं वर काढलं. बोये कुठे दिसेनात. मागे वळून पाहिलं तर ते उजवीकडे, भलतेच लांब. मी खुल्या समुद्राच्या दिशेने चालले होते, तेही चांगल्या वेगाने. परत ओळीत आले. दहा मिनिटांनी पुन्हा तोच आवाज. "काकी, उजवीकडे!" तिसऱ्यांदा तो नुसता हसला आणि हाताने दाखवलं. अडीच तास झाल्याची शिट्टी वाजली तेव्हा मला शेवटचा बोया दिसत होता. दिसत होता म्हणजे जवळ नव्हता. मला होडीत ओढून घेतलं. माझ्यात अजून दम होता, हे सगळ्यात वाईट. दमून हरले असते तर बरं वाटलं असतं.

घरी आल्यावर जावेने चहा दिला आणि समोर बसली. "झाली का हौस?"

"न्हाय."

"मग?"

"अजून एक खेप ठरलीया."

"ठरलीया, न्हाय कोन म्हनतंय? एकच ऱ्हायलीया, एवढं ध्यानात ठेव."

जानेवारीत टँकवर कोचने मला डोळे मिटून पोहायला लावलं. चौदाव्या हाताला माझं डोकं डावीकडच्या दोरीला लागलं. पुन्हा. पुन्हा दोरी. सहा वेळा केलं, सहाही वेळा डावी दोरी. टँकमध्ये खाली काळी रेघ असते आणि डोळे उघडे असतात, म्हणून इतकी वर्षं हे कळलं नव्हतं. समुद्रात खाली रेघ नसते.

"ताई, तुम्ही पोहायला शिकलात कुठं?"

"मळ्यात. विहिरीत."

"विहीर गोल?"

"गोल."

"कुठल्या अंगानं फिरायचा?"

मी आठवलं. उजव्या बाजूला पायऱ्या आणि मोटरीचा पाइप. कुणाचं डोकं आपटू नये म्हणून वडिलांचा नियम होता, सगळ्या पोरांनी डाव्या अंगाने फिरायचं. दहा वर्षं मी डावीकडेच वळत पोहले होते.

कोचने कपाळावर हात मारला. वयाने तो माझ्या मुलाएवढाच, पण शहाणा. "म्हणजे सरळ पोहायला तुम्हाला कुणी शिकवलंच न्हाय. तुम्ही विहीर घेऊन समुद्रात गेलता."

पुढच्या महिन्यात तो आईची मिरची घेऊन कांडपावर आला आणि स्टुलावर बसून माझं काम पाहत राहिला. मी डंकाला उजवी बाजू लावून बसते. उजव्या हातात लाकडी उलथणं. मुसळ वर गेलं की कडेची चटणी आत ढकलायची, मुसळ यायच्या आत हात मागे. मिनिटाला कितीतरी वेळा. डावा हात मांडीवर.

"ताई, हे कायम उजव्या हातानंच करता व्हय?"

"मग काय पायानं करू?"

"किती वर्षं झाली?"

"चोवीस."

"मग बरोबर हाय. तुमचा उजवा हात मालक हाय आणि डावा हात पावणा. येतो, चा पितो, जातो."

त्याने सांगितलं ते असं: उजवा हात जास्त जोरात पाणी ओढतो म्हणून अंग डावीकडे वळतं. विहिरीची सवय त्यावर भर घालते. डाव्या हाताला ताकद आणि सवय दोन्ही लावल्याशिवाय मी सरळ जाणार नाही. त्यासाठी रोज आणखी तासभर रबरी पट्टे ओढायचा व्यायाम करा, असं तो म्हणाला.

रोज आणखी तासभर माझ्याकडे नव्हता. हंगाम तोंडावर होता आणि जावेकडून मी एक तास आधीच घेतला होता. पण काम माझ्याकडे भरपूर होतं, रोज बारा तास. मी विचार केला, व्यायामासाठी कामातून वेळ काढण्यापेक्षा कामच डाव्या हाताने करावं. दुसऱ्या दिवशी मी स्टूल उचललं आणि डंकाच्या पलीकडच्या बाजूला ठेवलं.

पहिले दोन दिवस निव्वळ फजिती. उलथणं मुसळाखाली सापडून मोडलं. दुसरं आणलं. चटणी उखळापेक्षा माझ्या पदरावर जास्त. पण चौथ्या दिवशी हात तालावर यायला लागला आणि मी खूश झाले. त्या दिवशी टँकला सुट्टी होती, म्हणून सातला मीच डंकावर होते, आणि सातच्या नंबरच्या काकी आल्या.

या काकी म्हणजे आमच्या मागच्या गल्लीतल्या जैन घरातल्या थोरल्या बाई. सत्तरीच्या पुढच्या, ताठ, आणि आवाज असा की डंक बंद करायची गरज नाही. सासऱ्यांच्या काळापासूनचं गिऱ्हाईक. त्यांच्या मागोमाग त्यांच्या गल्लीतली सात-आठ घरं येतात. त्या स्टुलावर बसल्या, डबा मांडीवर घेतला, आणि माझ्याकडे बघून थांबल्या.

"अगं, काय करायलीस?"

"चटणी ढकलतोय, काकी."

"ते दिसतंय. डाव्या हातानं?"

"हात लाकडाला हाय. चटणीला कुठं लागतोय?"

"बंद कर डंक."

मी बटण दाबलं. खोली एकदम शांत झाली. मागे रांगेतल्या बायका पुढे सरकल्या, कारण भांडण ऐकू यायला हवं.

काकी म्हणाल्या, "वर्षभर ह्या चटणीवर माझं घर जेवणार. देवाच्या दिवसाला हीच, पाव्हण्या-रावळ्याला हीच. आम्ही लोणच्याच्या बरणीला सुद्धा डावा हात लावत न्हाय. तुझ्या सासऱ्यानं आमच्यासाठी डंक येगळा पुसून ठेवला, आणि तू डाव्या हातानं कांडतीस?"

रांगेतून एकीने टोमणा मारला, "उजवा हात समुद्रात ठिवून आल्यात त्या!"

सगळ्या हसल्या. मीही हसले, पण काकी हसल्या नाहीत. त्यांनी डब्याचं झाकण लावायला घेतलं. हे झाकण लागलं असतं तर आठ घरं गेली असती आणि सातचा नंबरच संपला असता. मी स्टूल उचललं, परत उजवीकडे ठेवलं आणि उजव्या हाताने कांडायला सुरुवात केली. मला त्यात अपमान वाटला नाही. गिऱ्हाईक आपलं अन्न आपल्या डोळ्यांसमोर करून घ्यायला येतं. ते कसं करायचं हे ठरवायचा हक्क त्याचाच. माझा नाद माझ्या हातात, त्यांच्या डब्यात कशाला?

कांडून झाल्यावर मात्र त्या लगेच उठल्या नाहीत. "समुद्राचं काय म्हणत होती ती?" त्यांनी विचारलं.

मी सगळं सांगितलं. विहीर, दोरी, होडीवाला, अरबस्तान. अरबस्तानला त्या हसल्या.

"मग आधी सांगायचं न्हाय व्हय? मी म्हटलं उजवा हात दमला म्हणून आळसानं करायलीस."

"सांगितलं असतं तर चाललं असतं?"

"न्हाय." त्यांनी कोपऱ्यातल्या पोत्यांकडे बोट केलं. "पण ते काय हाय?"

"मिरची."

"भाजलेली?"

"न्हाय, अजून देठं सुद्धा काढायची हायत."

"मग ती कुठं अन्न हाय? चुलीवर चढेस्तोवर ती नुसती मिरची. पोत्यात कुणाकुणाचे पाय लागत्यात, आपण काय बघायला जातो? खुड की डाव्या हातानं. गच्चीवर उलटी-पालटी कर डाव्या हातानं. चुलीवर चढली की मग उजवा."

 चोवीस वर्षं कांडप चालवून मला ही रेघ सुचली नव्हती. त्यांनी डबा उचलला आणि रांगेकडे वळून मोठ्याने म्हणाल्या, "झालं गं बायांनो, चटणी उजव्या हाताचीच हाय, या आता!"

त्या दिवसापासून चुलीच्या अलीकडचं सगळं काम डाव्या हाताचं झालं. पोती डाव्या खांद्यावर. देठं डाव्या हाताने. आणि गच्चीवरचं दाताळं. वाळत घातलेल्या मिरचीतून लांब दांड्याचं दाताळं आपल्याकडे ओढायचं, पुढे टाकायचं, पुन्हा ओढायचं. दुसऱ्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं की हा पाण्यातलाच हात आहे. पुढे टाक, पकड, ओढ. रबरी पट्टा तासभर ओढायचा होता. मी दाताळं दिवसातून तीन वेळा ओढत होते, तेही भर उन्हात, आणि त्याने मिरची वाळत होती. जाऊ गच्चीवर आली की म्हणायची, "पोहतीस का राबतीस, कळंना झालंय." मलाही कळत नव्हतं आणि तेच चांगलं होतं.

मे संपेपर्यंत डावा हात मालक झाला नाही, पण पाहुणाही राहिला नाही. घरजावई झाला म्हणा. कोचने डोळे मिटून पोहायला लावलं तेव्हा दोरी तिसाव्या हाताला लागली. पावसाळ्यात चाळिसाव्या. दिवाळीला माहेरी गेले तेव्हा विहिरीत उतरले आणि उजव्या अंगाने फिरायला लागले. भाऊ काठावर उभा राहून ओरडला, "आगं उलटी फिरतीस, भोवळ येऊन बुडशील!" भोवळ खरंच आली. पहिल्या दहा फेऱ्यांना पाणी अनोळखी वाटलं. पायऱ्यांवर एकदा गुडघा आपटला. चार दिवस रोज शंभर फेऱ्या मारल्या आणि परत आले.

या वर्षात मी काय सोडलं, तेही सांगते. दोन लग्नं सोडली, त्यातलं एक जवळचं होतं आणि त्या घराशी बोलणं अजून नीट झालेलं नाही. संध्याकाळचं टीव्ही बघणं गेलं, त्याचं दुःख नाही. नवऱ्याला डबा मी भरून देत होते, तो स्वतः भरायला लागला, आणि पहिले काही दिवस भाजीच्या डब्यात आमटी घालून फौंड्रीत सगळ्या पिशवीचं वाटोळं करायचा. कांडपाचा एकही सातचा नंबर चुकला नाही, कारण तो माझी जाऊ चुकू देत नव्हती. हे कुणी विचारलं तर मी आधी हेच सांगते.

डिसेंबरात पुन्हा तोच किनारा. या खेपेला नवरा रजा काढून बरोबर आला होता. पाणी गार होतं, वारा जरा जास्त. मी कोचने सांगितलेला नियम धरला: दर दहा हातांना डोकं वर, बोया बघ, पुन्हा खाली. पहिल्या तासात एकदाही चुकले नाही. दुसऱ्या तासात लाटा आडव्या यायला लागल्या आणि डावा खांदा बोलू लागला. मी दहाचे आठ केले, आठ हातांना बघायचं. त्याने वेग कमी होतो, पण वाकड्या वेगापेक्षा सरळ सावकाशी बरी. शेवटच्या किलोमीटरला माझ्या डोक्यात थोर विचार काही नव्हते. मी मोजत होते, आता आठाचेही चार करून. एक दोन तीन चार, बोया आहे. एक दोन तीन चार, आहे. शेवटचा बोया डोक्यावरून गेल्यासारखा जवळून गेला, त्याच्यावरचा शेवाळाचा डाग दिसला इतका. मग वाळू हाताला लागली. उभी राहिले, पडले, पुन्हा उभी राहिले आणि शर्यत संपते तिथल्या कमानीखालून चालत गेले. पळायची ताकद नव्हती.

कमानीशी एक मुलगी घड्याळ घेऊन बसली होती. तिने माझ्या दंडावरचा नंबर वाचला आणि लिहिलं: दोन तास एकवीस मिनिटं.

"नऊ मिनिटं हातात," नवरा म्हणाला. त्याने माझ्या अंगावर टॉवेल टाकला. "चौघींत तिसरी आलीस."

"चौथी कुठाय?"

"होडीत."

मला त्या चौथीचं तोंड बघावंसं वाटलं नाही. मला ते माहीत होतं. थोड्या वेळाने मात्र मी तिच्याकडे गेले आणि तिला विचारलं, तुम्ही कुठल्या बाजूला जात होता? ती म्हणाली, बाजूचा प्रश्न नाही हो, पोटरीत गोळा आला. तिला केळं दिलं. तेवढंच हातात होतं.

मग जावेला फोन लावला. मागे डंकाचा आवाज येत होता, कुणाची तरी लग्नघरची चटणी चालली असावी. तिने डंक बंद केला नाही, नुसती मोठ्याने बोलली.

"पोचलीस का?"

"पोचले."

"वेळेत?"

"नऊ मिनिटं आधी."

"बरं झालं." मग डंक थांबला. "आता ऐक. ठरलं हुतं तसं तुझं पोहणं चालू. पन सकाळचं न्हाय. सकाळचं दोन तास आता माझं."

"कशाला?"

"तुला मी इचारलंतं का, कशाला म्हनून?"

विचारलं नव्हतं. दोन वर्षं तिने सातला शटर उघडलं होतं आणि एकदाही विचारलं नव्हतं. मी ओल्या अंगाने वाळूत उभी होते आणि नवरा खुणेने विचारत होता, काय झालं, काय झालं? मी त्याला हाताने गप्प बसवलं.

"कवापासून?" मी विचारलं.

"सोमवारपासून. आनि सातला म्हंजे सातला. काकी सव्वासातला ऐकून घेत न्हाईत."

टँकवर संध्याकाळी साडेसहाला बायकांची एक बॅच असते. गर्दी असते, पाणी कोमट असतं आणि लेनमध्ये चार-चार जणी. घरी पोहोचल्यावर मी सगळ्यात आधी त्या बॅचची चौकशी केली. सोमवारी सकाळी पावणेसातला मी शटर वर केलं, डंक कोरड्या फडक्याने पुसला आणि पहिल्या नंबरची वाट बघत बसले. जाऊ सहालाच बाहेर पडली होती. कुठे ते तिने सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.